एकच डिस्क, दोन कॉम्प्युटर आणि डेटाचा चुराडा : एनएसई चार तास बंद पडलं, त्यामागचा प्रश्न तुमच्या ऑफिसातही आहे का?

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवरचे सगळे व्यवहार थांबले. दुसऱ्याच दिवशी फेब्रुवारी महिन्याच्या डेरिव्हेटिव्हची एक्स्पायरी होती, त्यामुळे बाजारात आधीच धावपळ होती. मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये मोबाइलवर ट्रेडिंग करणाऱ्यापासून मोठ्या फंडापर्यंत सगळ्यांचे सौदे अडकले. बीएसई सुरू होतं, एनएसई कधी सुरू होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. अनेक ब्रोकरनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे बीएसईवर मिळेल त्या भावाने बंद करून टाकले. मग दुपारी पावणेचारला एनएसई पुन्हा सुरू झालं आणि त्या दिवशी बाजार संध्याकाळी ५ वाजेपर्यंत चालला. आधीच तोटा घेऊन बाहेर पडलेल्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

एवढं सगळं कशामुळे झालं? एक्स्चेंजने नंतर दिलेल्या खुलाशात दोन गोष्टी होत्या. पहिली, दोन ठिकाणांना जोडणाऱ्या टेलिकॉम लिंक अस्थिर झाल्या. दुसरी, त्यामुळे स्टोरेजची यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही आणि मुख्य ठिकाणच्या सर्व्हरना स्वतःचंच स्टोरेज दिसेनासं झालं.

दुसरी गोष्ट नीट समजून घ्यायची असेल तर कॉम्प्युटरच्या जगातला एक जुना प्रश्न समजून घ्यावा लागतो. एकच डेटा अनेक मशिन वापरत असतील, तर त्यावर लिहायचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न एक्स्चेंजपुरता नाही. दोन कॉम्प्युटर आणि एक स्टोरेज बॉक्स असलेल्या छोट्या ऑफिसातही तो तसाच उभा राहतो. फरक एवढाच, की तिथे डेटा गेला तर बातमी होत नाही.

मीरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न कुठे येतो?

काशीमिरा-घोडबंदर पट्ट्यात मालिकांचे स्टुडिओ आहेत. त्यांच्या आणि लग्नाच्या व्हिडिओंच्या जोरावर आसपास एडिटिंगची छोटी युनिट चालतात. दिवसभराचं फुटेज कित्येकशे जीबी होतं. दोन-तीन एडिटरना तेच फुटेज एकाच वेळी हवं असतं. प्रत्येकासाठी वेगळी कॉपी काढायला वेळ जातो, जागा जाते.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे आणि इतर छोटे कारखाने आहेत. तिथे बिलिंग एका टेबलावर, स्टॉक दुसऱ्या टेबलावर आणि जीएसटीचं काम तिसऱ्या टेबलावर होतं. डेटा मात्र एकच. डॉक्टरांचं क्लिनिक, सीएचं ऑफिस, कोचिंग क्लास, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसतं.

अशा वेळी कुणीतरी सुचवतं, "एक मोठा स्टोरेज बॉक्स घेऊ आणि सगळ्या कॉम्प्युटरना थेट जोडू." इथे ‘थेट’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एका अर्थाने जोडलं तर वर्षानुवर्षं बिनघोर काम चालतं. दुसऱ्या अर्थाने जोडलं तर काही दिवसांत फाइल्स उघडेनाशा होतात.

फाइल सिस्टीम म्हणजे नेमकं काय?

डिस्कला ‘फाइल’ कळत नाही. डिस्क म्हणजे नंबर दिलेल्या लाखो-कोटी खणांचं कपाट. कोणती फाइल कोणत्या खणांत आहे, कोणते खण रिकामे आहेत, फोल्डरमध्ये काय काय आहे, या सगळ्याची नोंदवही म्हणजे फाइल सिस्टीम. विंडोजमध्ये बहुतेक वेळा एनटीएफएस असते, लिनक्समध्ये ईएक्सटी-४ किंवा एक्सएफएस, पेनड्राइव्हवर एक्सफॅट.

हाउसिंग सोसायटीच्या पार्किंगचं उदाहरण घ्या. स्लॉट पन्नास, मागणारे दीडशे. सेक्रेटरीच्या टेबलावर एक रजिस्टर असतं. कोणता स्लॉट कोणाला दिला, कोणता रिकामा, सगळं त्यात. रजिस्टर एक आणि लिहिणारा एक असेपर्यंत भांडण होत नाही.

आता समजा दोन जणांनी त्या रजिस्टरची झेरॉक्स काढली आणि आपापल्या घरी बसून स्लॉट वाटायला सुरुवात केली. दोघांच्याही झेरॉक्समध्ये १४ नंबरचा स्लॉट रिकामा आहे. एकाने तो पाटलांना दिला, दुसऱ्याने शहांना. दोघांनीही प्रामाणिकपणे, नियमाने काम केलं. संध्याकाळी दोन गाड्या एकाच जागेसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा घोळ कळला.

दोन कॉम्प्युटरनी एकाच वेळी डिस्क धरली की काय होतं?

अगदी हेच. कॉम्प्युटर वेगाने चालावा म्हणून तो फाइल सिस्टीमच्या नोंदी स्वतःच्या मेमरीत उतरवून घेतो. याला कॅश म्हणतात. प्रत्येक वेळी डिस्कपर्यंत जाऊन बघत बसला तर काम फार हळू होईल. शिवाय लिहिलेली माहितीही तो लगेच डिस्कवर टाकत नाही. थोडी साठवतो आणि मग एकदम टाकतो.

एनटीएफएस, ईएक्सटी-४ यांसारख्या नेहमीच्या फाइल सिस्टीम एका गृहीतकावर बनलेल्या आहेत : या डिस्कला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. डिस्क एका मशिनला जोडलेली असते तोवर हे खरंच असतं.

दुसरं मशिन तीच डिस्क उघडतं तेव्हा पहिल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. एका एडिटरने नवीन क्लिप सेव्ह केली. त्याच्या नोंदीनुसार रिकाम्या असलेल्या खणांत ती गेली. दुसऱ्याच्या मेमरीतही तेच खण रिकामे आहेत. त्याने प्रोजेक्ट फाइल सेव्ह केली आणि ती पहिल्याच्या क्लिपवर जाऊन बसली. पुढे पहिल्या मशिनने आपली जुनी नोंदवही डिस्कवर लिहिली आणि दुसऱ्याने केलेले बदल पुसले गेले.

यातली वाईट गोष्ट म्हणजे त्या क्षणी काहीच एरर येत नाही. दोन्ही स्क्रीनवर ‘सेव्ह झालं’ असंच दिसतं. आपली फाइल आपल्या मेमरीतून उघडत असल्याने ती व्यवस्थित उघडतेही. मशिन बंद करून पुन्हा सुरू केलं की खरी डिस्क वाचली जाते, आणि तेव्हा फोल्डर रिकामे किंवा फाइल्स अर्धवट सापडतात. तोवर नुकसान कित्येक दिवस मागे गेलेलं असतं.

लाइट गेल्यावर वाचवणारी जर्नल इथे का वाचवत नाही?

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई महानगरात मोठा वीजखोळंबा झाला होता. अशा वेळी धाडकन बंद पडलेले बहुतेक कॉम्प्युटर वीज आल्यावर ठीक सुरू होतात. याचं श्रेय फाइल सिस्टीममधल्या जर्नलला जातं. कुठलाही बदल करण्याआधी ‘मी आता हे करणार आहे’ अशी नोंद जर्नलमध्ये केली जाते. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी जर्नल वाचून अर्धवट काम पूर्ण केलं जातं किंवा सोडून दिलं जातं.

पण जर्नलही एकाच मालकासाठी असते. पहिलं मशिन चालू असताना दुसऱ्याने डिस्क उघडली, तर दुसऱ्याला जर्नलमध्ये अपूर्ण कामं दिसतात. त्याला वाटतं मागच्या वेळी वीज गेली असावी. तो ती कामं स्वतः पूर्ण करायला घेतो. तिकडे पहिलं मशिन तीच कामं करत असतं. वीज गेल्यावर वाचवणारी सोय इथे नुकसानात भर घालते.

म्हणूनच "दुसऱ्या कॉम्प्युटरला फक्त वाचायला देऊ" हा उपायही पक्का नाही. लिनक्सवर ईएक्सटी-४ ‘रीड-ओन्ली’ जोडली तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये ती आधी जर्नलमधली राहिलेली कामं डिस्कवर उतरवते, म्हणजे लिहितेच. ते टाळलं तरी वाचणाऱ्याच्या मेमरीत जुनी नोंदवही राहते. ज्या खणांत त्याला जुनी फाइल आहे असं वाटतं, तिथे आता भलतंच काही असू शकतं.

मग ऑफिसातला शेअर्ड फोल्डर कसा चालतो?

नेटवर्कवरचा शेअर्ड फोल्डर आणि शेअर्ड डिस्क या दोन गोष्टी ऐकायला सारख्या वाटतात. आतून त्या पूर्ण वेगळ्या आहेत.

शेअर्ड फोल्डरमध्ये डिस्कचा मालक एकच असतो : सर्व्हर किंवा नॅस नावाचा स्टोरेज बॉक्स. बाकीचे कॉम्प्युटर त्याला विनंती करतात, ‘ही फाइल दे’, ‘ही फाइल लिही’. कोणत्या खणात लिहायचं ते तो एकटाच ठरवतो. एकाच फाइलवर दोघे काम करत असतील तर दुसऱ्याला ‘फाइल उघडलेली आहे’ असा निरोपही देऊ शकतो. पार्किंगच्या भाषेत, रजिस्टर सेक्रेटरीकडेच आहे आणि सगळे त्याच्याकडे अर्ज करतात.

शेअर्ड डिस्कमध्ये मध्यस्थ नसतो. सॅन किंवा आय-स्कझी या पद्धतीने स्टोरेज बॉक्समधला एक भाग कॉम्प्युटरला थेट डिस्क म्हणून दिला जातो. कॉम्प्युटरला ती आपल्या कॅबिनेटमधली हार्ड डिस्कच वाटते. यात वेग चांगला मिळतो, म्हणून एडिटिंग आणि डेटाबेससाठी ही पद्धत आवडते. पण खणांचा हिशोब आता जोडलेला कॉम्प्युटर ठेवतो. दोन कॉम्प्युटर जोडले की दोन रजिस्टरं तयार होतात.

गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. हल्लीचे स्वस्त स्टोरेज बॉक्स दोन्ही पद्धती देतात. एकाच मेन्यूमध्ये दोन्ही पर्याय दिसतात आणि ‘फास्ट’ वाटतो म्हणून दुसरा निवडला जातो. क्लाउडमध्येही हे घडू शकतं. ॲमेझॉनच्या क्लाउडवर २०२० पासून काही प्रकारच्या डिस्क एकापेक्षा जास्त सर्व्हरना जोडता येतात. पण एक्सएफएस, ईएक्सटी-४ यांसारख्या नेहमीच्या फाइल सिस्टीम अशा वापरासाठी बनवलेल्या नाहीत, असा इशारा त्यांच्याच माहितीपत्रकात आहे.

सगळ्यांना थेट डिस्क हवीच असेल तर?

त्यासाठी वेगळ्या फाइल सिस्टीम आहेत. त्यांना क्लस्टर फाइल सिस्टीम म्हणतात. लिनक्सवर जीएफएस-२, ओरॅकलने बनवलेली ओसीएफएस-२, आयबीएमची जीपीएफएस, व्हीएमवेअरची व्हीएमएफएस ही त्यातली काही नावं. कल्पना नवी नाही. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ मध्ये व्हॅक्सक्लस्टर आणलं, तेव्हापासून अनेक कॉम्प्युटरनी मिळून डिस्क वापरायची ही पद्धत चालत आली आहे.

यातला मुख्य भाग म्हणजे लॉक मॅनेजर. कुठलाही खण बदलण्याआधी मशिनला त्याचं लॉक घ्यावं लागतं. जुन्या काळी एकेरी रेल्वेमार्गावर ड्रायव्हरच्या हातात टोकनचा गोळा आल्याशिवाय गाडी पुढच्या भागात जात नसे. टोकन एकच असल्याने समोरून दुसरी गाडी येण्याचा प्रश्नच नव्हता. इथेही तसंच. लॉक ज्याच्याकडे, लिहिणार तो. दुसऱ्याला हवं असेल तर पहिला आपल्या मेमरीतले बदल आधी डिस्कवर उतरवतो, मग लॉक सोडतो. दुसरा आपली जुनी माहिती टाकून देतो आणि डिस्कवरून नवी वाचतो.

सगळी मशिन सुरळीत चालू असताना ही व्यवस्था छान चालते. खरी परीक्षा होते ती एखादं मशिन अचानक गप्प झाल्यावर.

समोरचा मेला की नुसता फोन लागत नाही?

क्लस्टरमधली मशिन दर काही क्षणांनी एकमेकांना ‘मी आहे’ असा निरोप पाठवतात. त्याला हार्टबीट म्हणतात. समजा ‘क’ या मशिनला ‘ख’चा निरोप येणं थांबलं. दोन शक्यता आहेत. ‘ख’ बंद पडलं असेल, किंवा ‘ख’ ठणठणीत असून मधली केबल तुटली असेल. ‘क’च्या जागेवरून दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. आणि गंमत म्हणजे ‘ख’लाही तसंच दिसतं. त्यालाही वाटू शकतं की ‘क’ गेलं.

दोघांनीही ‘समोरचा गेला, आता मीच मालक’ असं ठरवून लिहायला सुरुवात केली, की पुन्हा दोन रजिस्टरं. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. यावर दोन उपाय आहेत, आणि गंभीर व्यवस्थेत दोन्ही एकत्र लागतात.

पहिला उपाय बहुमताचा. त्याला क्वोरम म्हणतात. लिहिण्याचा अधिकार ज्या बाजूला अर्ध्याहून जास्त मतं आहेत तिलाच. बाकीच्यांनी आपणहून थांबायचं. दोनच मशिन असतील तर मतं १-१ अशी अडतात, म्हणून तिसरं मत लागतं. ते तिसऱ्या मशिनचं असू शकतं, एखाद्या छोट्या डिस्कचं असू शकतं, किंवा वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या साक्षीदार सर्व्हरचं. तो साक्षीदार दोघांपैकी एकाच्याच खोलीत, त्याच स्विचवर ठेवला तर त्याचा अर्थ उरत नाही.

दुसरा उपाय कडक आहे. त्याचं नाव फेन्सिंग. गप्प झालेल्या मशिनच्या सांगण्यावर विश्वास न ठेवता त्याला बळजबरीने डिस्कपासून तोडायचं. एक मार्ग म्हणजे त्याचा वीजपुरवठाच रिमोटने बंद करायचा. लिनक्सच्या जगात याला ‘स्टोनिथ’ म्हणतात. इंग्रजीत त्याचा विस्तार ‘दुसऱ्या मशिनच्या डोक्यात गोळी घाला’ असा आहे. दुसरा मार्ग स्टोरेजलाच सांगायचा, की या मशिनचं लिखाण यापुढे स्वीकारू नको. स्कझी रिझर्व्हेशन नावाची सोय त्यासाठीच आहे.

एवढी कठोरता का? कारण अडकलेलं मशिन मेलेलं नसतं. अर्ध्या मिनिटाने ते जागं होऊ शकतं, आणि मधल्या काळात काय झालं ते माहीत नसल्यामुळे मेमरीतलं जुनं लिखाण निवांतपणे डिस्कवर टाकू शकतं. ते आधीच तोडलेलं असेल तरच उरलेल्यांना बिनधास्त पुढे जाता येतं.

या सगळ्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : खात्री नसेल तेव्हा थांबणं हे चुकीचं लिहिण्यापेक्षा बरं. बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करता येते. एकमेकांवर लिहिलेला डेटा वेगळा करता येईलच असं नाही.

एनएसईमध्ये मग काय चुकलं?

एनएसईचं मुख्य डेटा सेंटर मुंबईत आहे आणि आपत्तीसाठीचं पर्यायी केंद्र चेन्नईत. याशिवाय मुंबईतच जवळच्या दुसऱ्या ठिकाणी डेटाची प्रत सतत ठेवली जाते. मुख्य ठिकाणी काही झालं तरी एकही सौदा हरवू नये, हा त्यामागचा हेतू.

ही व्यवस्था दोन ठिकाणांमधल्या लिंकवर चालते. त्या दिवशी दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक अस्थिर झाल्या. दोन ठिकाणांमधल्या रस्त्यावर चाललेलं खोदकाम हे कारण एक्स्चेंजने नंतर सांगितलं. कंपन्या दोन घेतल्या तरी दोघांच्या केबल एकाच रस्त्याने जात असतील, तर एका खोदकामाचा फटका दोघींना बसू शकतो.

लिंक तुटल्यावर अशा स्टोरेजपुढे तोच प्रश्न येतो : आता कोणी लिहायचं? एक्स्चेंजच्या म्हणण्यानुसार त्यांची मागणी स्पष्ट होती. जवळच्या ठिकाणाशी संपर्क तुटला तरी मुख्य ठिकाणचं स्टोरेज चालू राहिलं पाहिजे. प्रत्यक्षात मुख्य ठिकाणचं स्टोरेजही सर्व्हरना मिळेनासं झालं. पर्यायावर जाण्याचा नियम पुरवठादाराने ज्या पद्धतीने बसवला होता, तो या मागणीशी जुळत नव्हता, असा एक्स्चेंजचा खुलासा होता. जोखीम तपासणारी यंत्रणा या स्टोरेजवर अवलंबून होती. जोखीम मोजता येत नसताना सौदे चालू ठेवणं धोक्याचं, म्हणून बाजार थांबवला गेला.

यातून दोन निष्कर्ष निघतात. जोखीम मोजता येईना तेव्हा बाजार थांबवणं योग्यच होतं. पण कोणी थांबायचं आणि कोणी चालू राहायचं, हा स्टोरेजचा नियम आधी केबल काढून तपासलेला नसेल, तर नको ती बाजू थांबते. २०२३ मध्ये एनएसई आणि एनएसई क्लिअरिंगने हे प्रकरण सेबीकडे सुमारे ७२ कोटी रुपये भरून सेटलमेंटने मिटवलं.

आणि थांबलं नाही तर?

त्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. जगभरचे प्रोग्रॅमर ज्यावर आपला कोड ठेवतात त्या गिटहबमध्ये २१ ऑक्टोबर २०१८ ला एक उपकरण बदलताना पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क तुटला. किती वेळ? ४३ सेकंद.

तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस मुख्य म्हणून नेमले. पण पूर्वेकडच्या डेटाबेसमध्ये काही सेकंदांचं असं लिखाण होतं जे पश्चिमेला पोहोचलंच नव्हतं. मग पश्चिमेला नवं लिखाण सुरू झालं. दोन रजिस्टरं तयार झाली, दोन्हींत एकमेकांत नसलेल्या नोंदी. गिटहबने वेगापेक्षा डेटा जपायचं ठरवलं आणि बॅकअपमधून सगळं नीट बसवलं. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. ४३ सेकंदांच्या तुटीची किंमत एक अख्खा दिवस.

इथे फाइल सिस्टीम नसून डेटाबेस होते. पण दुखणं तेच : लिहिणारे दोन झाले.

सेबीने नंतर काय बदललं?

मार्च २०२१ मध्ये सेबीने एक्स्चेंजसारख्या संस्थांसाठी वेळा आवळल्या. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत ती ‘आपत्ती’ म्हणून जाहीर करायची आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचं. २ मार्च २०२४ आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी एनएसई आणि बीएसईने खरे व्यवहार काही वेळ पर्यायी केंद्रातून चालवून बघितले. पर्यायी केंद्र असणं आणि ते प्रत्यक्ष चालणं यातला फरक अशा सरावातच कळतो.

छोट्या ऑफिसने काय करावं?

एक्स्चेंजसारखा खर्च इथे शक्य नाही आणि गरजही नाही. काही साध्या गोष्टी पुरतात.

पहिली गोष्ट, आपल्याकडे काय आहे ते तपासा. कॉम्प्युटरवर ते स्टोरेज नेटवर्क फोल्डर म्हणून दिसतं की लोकल डिस्क म्हणून? विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये स्टोरेज बॉक्सची डिस्क दोन कॉम्प्युटरवर एकाच वेळी ‘ऑनलाइन’ दिसत असेल आणि क्लस्टर बसवलेलं नसेल, तर आजच एका कॉम्प्युटरची जोडणी काढा. चालतंय म्हणून ठेवू नका.

दुसरी, बहुतेकांना शेअर्ड फोल्डरच पुरतो. बिलिंग, स्कॅन, फोटो यासाठी तर नक्कीच. व्हिडिओसाठी वेग कमी पडत असेल तर आधी नेटवर्क बदला. १ गिगाबिटचा स्विच आणि केबल बदलून १० गिगाबिट केलं तर शेअर्ड फोल्डरवरही एडिटिंग होऊ शकतं.

तिसरी, आय-स्कझी वापरायचीच असेल तर एक डिस्क एका कॉम्प्युटरलाच द्या. स्टोरेज बॉक्समध्ये कोणता कॉम्प्युटर कोणती डिस्क बघू शकेल ते ठरवता येतं. ‘एकापेक्षा जास्त जोडण्यांना परवानगी’ हा पर्याय बंद ठेवा. लिनक्स सर्व्हर असेल तर ईएक्सटी-४ मध्ये ‘मल्टिपल माउंट प्रोटेक्शन’ सुरू करता येतं. डिस्क वापरणारं मशिन दर काही सेकंदांनी डिस्कवरचा एक आकडा बदलत राहतं. दुसरं मशिन आलं तर ते थोडं थांबून बघतं, आकडा बदलला तर डिस्क उघडायला नकार देतं. ही सोय आपोआप सुरू नसते, मुद्दाम करावी लागते. आणि ती फक्त कुलूप आहे, त्याने डिस्क वाटून वापरता येत नाही.

चौथी, दोन सर्व्हरचं क्लस्टर विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. तिसरं मत कोणाचं आहे? गप्प झालेल्या सर्व्हरला कोण आणि कसं तोडणार? मधली केबल काढून दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर घाई करू नका.

पाचवी, घोळ झालाच तर लगेच दुरुस्ती चालवू नका. चेकडिस्कसारखे प्रोग्रॅम नोंदवही सुसंगत करतात. त्यात तुमच्या फाइल्स वाचतीलच असं नाही. आधी बाकीचे सगळे कॉम्प्युटर तोडा, संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी कॉपी काढा आणि दुरुस्ती त्या कॉपीवर करा.

प्रत म्हणजे बॅकअप नव्हे

हे सगळं करूनही एक गोष्ट उरते. दोन ठिकाणी सतत जुळत राहणारा डेटा हा बॅकअप नसतो. इथे खराब झालं की तिथेही खराब होतं, इथे डिलीट झालं की तिथेही. जुन्या तारखेची, वेगळी ठेवलेली कॉपी असेल तरच मागे जाता येतं. गिटहब बॅकअपमुळेच उभं राहिलं.

ती कॉपीही दुसऱ्या ठिकाणी हवी. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या डेजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल्स ठेवणारी जी-ड्राइव्ह ही व्यवस्था जळाली, त्यात ८५८ टेराबाइट डेटा होता आणि त्याचा बाहेर बॅकअप नव्हता.

मीरा-भाईंदरच्या एखाद्या गाळ्यातल्या दोन टेराबाइटच्या डिस्कचं गणित यापेक्षा वेगळं नाही. लिहिणारा एक ठेवा, संशय आला की थांबा, आणि कालची एक कॉपी त्या गाळ्याच्या बाहेर असू द्या.